खटल्यांच्या वाटेने इंग्रजी शब्दांकडे

आपल्यापैकी बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकून कला शाखेत आलेले आहेत. इंग्रजी हा विषय आपल्याला अनिवार्य असतो आणि त्याची धास्तीही तितकीच अनिवार्य असते. ही धास्ती घालवण्यासाठी आपण जो उपाय करतो तो ठराविक असतो. शब्दार्थांची एक वही करायची, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, आणि रोज दहा शब्द पाठ करायचे. पंधरा दिवसांनी दीडशे शब्द झाले असे वाटते, परंतु प्रत्यक्ष लिहायला बसले की त्यांतले दहाही हाताशी येत नाहीत. याचे कारण आपली स्मरणशक्ती कच्ची आहे असे नव्हे. शब्द एकेकटा पाठ केला तर तो एकेकटाच राहतो. त्याला शेजार नसतो, प्रसंग नसतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावाचून कोणाचे काही अडलेले नसते.

म्हणून मी गेली दोन वर्षे एक निराळा मार्ग चोखाळत आहे. खरोखर घडलेले गुन्हे व त्यांचे न्यायालयात चाललेले खटले यांची हकीकत इंग्रजीतून वाचायची आणि तिच्यातून शब्द उचलायचे. रहस्यकथांची गोडी मराठी वाचकाला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची चटक लावली. पण कल्पित रहस्यकथा आणि खरा खटला यांत एक मोठा फरक आहे. रहस्यकथेत लेखकाने एक शब्द इकडचा तिकडे केला तर कोणाचे बिघडत नाही. खटल्यात मात्र एका शब्दावर माणसाचे आयुष्य टांगलेले असते. तेथे दोन समानार्थी शब्द खरोखरीच समानार्थी आहेत का, यावर नामवंत वकील दिवसचे दिवस वाद घालतात. शब्दाचा नेमका अर्थ शिकण्यासाठी याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

एक उदाहरण : नानावटी खटला

वानगीदाखल मुंबईतला एक गाजलेला खटला घेऊ. त्यावर 'ये रास्ते हैं प्यार के' पासून 'रुस्तम' पर्यंत चित्रपट निघाले, त्यामुळे त्याची रूपरेषा अनेकांना ठाऊक असेल. येथे मी चित्रपटांतले नाट्य बाजूला ठेवून न्यायालयापुढे आलेली हकीकत थोडक्यात सांगतो.

कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलात कमांडर होते आणि 'म्हैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. 27 एप्रिल 1959 रोजी त्यांच्या पत्नीने प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी आपले संबंध असल्याची कबुली त्यांच्याजवळ दिली. त्यानंतर नानावटींनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहात पोचवले, स्वतः जहाजावर गेले, आणि आपल्याला रात्री एकट्याने मोटार हाकत अहमदनगरला जावयाचे आहे असे सांगून तेथून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. मग ते आहुजांच्या कचेरीत गेले, ते तेथे नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी गेले, आणि शयनगृहात गोळ्या सुटून आहुजा मरण पावले. नानावटी तेथून निघून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

एवढी हकीकत इंग्रजीतून वाचताना कितीतरी शब्द भेटतात. त्यांतला 'प्रिटेक्स्ट' हा पाहा. शब्दकोशात त्याचा अर्थ 'सबब' किंवा 'बहाणा' असा मिळतो. पण अहमदनगरच्या प्रवासाची ती सबब एकदा वाचली की हा शब्द पुन्हा विसरणे शक्य नाही. 'एक्सक्यूज' ही घडून गेलेल्या गोष्टीसाठी दिलेली सबब असू शकते, तर 'प्रिटेक्स्ट' हा खरा हेतू झाकण्यासाठी आधी पुढे केलेला पडदा असतो. नानावटींचे म्हणणे असे होते की खरा हेतू स्वतःवर गोळी झाडून घेण्याचा होता. म्हणजे सबब होती हे दोन्ही पक्षांना मान्य होते. तिच्या आड काय दडले होते, एवढाच वाद होता.

येथून आपण 'मोटिव्ह' आणि 'इन्टेन्शन' या जोडीकडे येतो. मराठीत आपण दोहोंनाही सर्रास 'हेतू' म्हणतो. इंग्रजीत, निदान कायद्याच्या इंग्रजीत, 'मोटिव्ह' म्हणजे कृत्यामागचे प्रेरक कारण आणि 'इन्टेन्शन' म्हणजे ते कृत्य करण्याचा मनातला निश्चय. या खटल्यात 'मोटिव्ह' उघड होता. परंतु 'इन्टेन्शन' नव्हते असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. आपण आहुजांना, तू माझ्या पत्नीशी लग्न करून मुलांचा सांभाळ करशील का, असे विचारण्यास गेलो, तेथे झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या, असे नानावटींनी सांगितले. झटापटीला इंग्रजी शब्द 'स्ट्रगल'. हा शब्द आपल्याला 'जीवनसंघर्ष' या भारदस्त अर्थाने परिचित असतो. येथे तो दोन माणसांच्या अंगझोंबीइतका लहान होऊन येतो. सरकार पक्षाने विचारले की झटापट झाली असेल तर स्नान करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला? एका टॉवेलामुळे 'इन्कन्सिस्टन्ट' म्हणजे 'विसंगत' हा शब्द मला कायमचा समजला. टॉवेल जागेवर असणे हे झटापटीच्या हकीकतीशी 'इन्कन्सिस्टन्ट' आहे, असा तो युक्तिवाद होता.

'आणि' या शब्दाचे वजन

मनुष्यहत्येसाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. 'किल' हा सर्वांत व्यापक. अपघातही माणसाला 'किल' करतो, रोगही करतो. 'होमिसाइड' म्हणजे माणसाच्या हातून माणसाचा मृत्यू. 'मर्डर' म्हणजे खून. या दोहोंच्या मध्ये आपल्या कायद्याने 'कल्पेबल होमिसाइड' म्हणजे सदोष मनुष्यवध ही पायरी ठेवली. 1860 च्या भारतीय दंड संहितेत हा भेद होता, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. खुनाच्या खालच्या पायरीवरील मनुष्यवधाला मात्र फाशी नाही, आणि शिक्षा पुष्कळ कमीही होऊ शकते.

खुनाची पायरी खाली आणणाऱ्या अपवादांपैकी एक अपवाद म्हणजे 'ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन', म्हणजे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ. या चार शब्दांची फोड करून पाहण्याजोगी आहे. 'ग्रेव्ह' हे नाम म्हणून आपल्याला थडग्याच्या अर्थाने ठाऊक असते. येथे ते विशेषण आहे व त्याचा अर्थ गंभीर. 'प्रोव्होकेशन' हे 'प्रोव्होक' या क्रियापदाचे नाम. राहिला 'सडन'. आकस्मिक म्हणजे किती? नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले आणि गोळ्या सुटल्या त्या चार वाजून वीस मिनिटांनी. सर्वोच्च न्यायालयाने 1961 च्या आपल्या निकालपत्रात म्हटले की मधल्या सुमारे तीन तासांत माणसाला स्वतःवर ताबा मिळवण्यास पुरेसा अवधी होता. पत्नीच्या कबुलीने झालेला प्रक्षोभ कितीही 'ग्रेव्ह' मानला तरी गोळ्या सुटल्या त्या वेळी तो 'सडन' उरला नव्हता. आणि या दोन विशेषणांच्या मध्ये 'ऑर' नसून 'अँड' असल्यामुळे दोन्ही अटी पुऱ्या होणे आवश्यक होते. उभयान्वयी अव्यये पाठ करताना आपल्याला जांभया येतात. पण एका माणसाची जन्मठेप या दोन अडीच अक्षरांच्या शब्दावर अडून राहिली होती हे कळल्यावर 'अँड' आणि 'ऑर' यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

निर्दोष की केवळ मुक्त?

हा खटला प्रथम मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे चालला. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने 'नॉट गिल्टी' असा 'व्हर्डिक्ट' दिला. 'ज्यूरी' हा शब्द शपथ घेणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे, आणि 'व्हर्डिक्ट' चा मूळ अर्थ 'खरे सांगितलेले' असा आहे. शपथ घेतलेल्या माणसांनी खरे सांगावे, ही अपेक्षा शब्दांतच आहे. तथापि सत्र न्यायाधीशांना हा निर्णय पुराव्याशी जुळणारा वाटला नाही. त्यांनी तो 'पर्व्हर्स' ठरवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. 'पर्व्हर्स' चा नेहमीच्या व्यवहारातला अर्थ विकृत किंवा हेकट असा असतो. न्यायालयाच्या भाषेत त्याचा अर्थ, पुरावा पाहता कोणाही समंजस माणसाला काढता येणार नाही असा निष्कर्ष. उच्च न्यायालयाने मार्च 1960 मध्ये नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे 1964 मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला स्थानच उरले नाही.

येथे 'नॉट गिल्टी' या दोन शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. ज्यूरी 'इनोसन्ट' असे म्हणत नाही. 'नॉट गिल्टी' म्हणजे दोष सिद्ध झाला नाही. 'इनोसन्ट' म्हणजे दोष नव्हताच. स्कॉटलंडमध्ये तर शतकानुशतके 'नॉट प्रूव्हन' असा तिसराही निकाल देता येत असे. 1857 मध्ये ग्लासगोच्या मॅडेलिन स्मिथ या तरुणीवर प्रियकराला सोमल घालून मारल्याचा खटला झाला, तेव्हा मुख्य आरोपावर ज्यूरीने हाच निकाल दिला होता. ती सुटली, पण शंकेसह सुटली.

'नॉट गिल्टी' ठरलेला माणूस 'अक्विट' होतो. याच्या मुळाशी फेडून मोकळे होण्याची कल्पना आहे. जणू डोक्यावरचे देणे उतरले. आपण मात्र मराठीत 'निर्दोष मुक्तता' म्हणतो. इंग्रजी शब्द फक्त मुक्तता सांगतो, मराठी शब्द तिच्याबरोबर निर्दोषत्वाचे प्रशस्तिपत्रही देतो. इंग्रजी शब्द बारकाईने शिकताना आपल्याच भाषेतला एक शब्द असा नव्याने दिसावा, हा या अभ्यासाचा मला झालेला अनपेक्षित लाभ होय.

शब्दांच्या जोड्या आणि प्रत्यय

मराठी विद्यार्थ्याची इंग्रजीत सर्वांत मोठी फजिती होते ती शब्दयोगी अव्ययांत. आपण 'चा', 'ला', 'बद्दल' असे प्रत्यय व अव्यये शब्दामागे जोडतो. इंग्रजीत ती पुढे येतात आणि कोणत्या शब्दापुढे कोणते यावे याला साधा नियम सापडत नाही. खटल्याची हकीकत ही यावरची चांगली तालीम आहे, कारण तीच माणसे व तेच कृत्य ठेवून खटला पायरीपायरीने पुढे सरकतो आणि दर पायरीला अव्यय बदलते. माणसावर संशय येतो तेव्हा तो 'सस्पेक्टेड ऑफ' असतो. मग तो 'अक्यूज्ड ऑफ', न्यायालयात आरोप ठेवला की 'चार्ज्ड विथ', खटला चालू झाला की 'ट्राइड फॉर'. सुटला तर 'अक्विटेड ऑफ', दोषी ठरला तर 'कन्व्हिक्टेड ऑफ', आणि शिक्षा झाली की 'सेन्टेन्स्ड टू'. कोणताही खटला या सात पायऱ्यांवरून सांगून पाहावा. तीनचार खटल्यांनंतर अव्यये आपोआप जिभेवर बसतात.

अशाच काही जोड्या क्रियापदांच्या आहेत. गुन्हा 'कमिट' करतात, 'डू' करीत नाहीत. ज्यूरी निर्णय 'रिटर्न' करते. न्यायाधीश शिक्षा 'पास' करतो आणि कैदी ती 'सर्व्ह' करतो. वस्तू 'स्टील' होते, पण माणूस 'रॉब' होतो. मराठीत 'त्याचे पाकीट चोरले' आणि 'त्याला लुटले' असे आपण अचूक बोलतो. तोच भेद येथे आहे. चित्र भिंतीवर 'हंग' असते, पण फाशी गेलेला माणूस 'हँग्ड' होतो. कायद्यात 'रॉबरी' करणारे पाच किंवा अधिक झाले की तिचे नाव 'डकॉइटी' होते. हा शब्द तर आपल्याच देशातून इंग्रजीत गेलेला आहे. 'ठग' आणि 'लूट' हेही आपल्याकडून गेले.

याउलट काही शब्द तिकडच्या गुन्ह्यांनी इंग्रजीला दिले. 1828 मध्ये एडिंबरो येथे बर्क व हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या अध्यापनासाठी विकल्याचे उघडकीस आले. अंगावर खूण राहू नये म्हणून ते गुदमरवून मारीत. त्यावरून 'टू बर्क' हे क्रियापद झाले, आणि पुढे एखादी चर्चा किंवा चौकशी दडपून टाकणे असाही त्याचा अर्थ झाला. 'क्लू' या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक पुराणकथेत थीसियस चक्रव्यूहातून बाहेर येतो तो सुताच्या धाग्याच्या आधारे. तोच धागा पुढे गुप्तपोलिसांच्या हाती आला. आणि 'अ‍ॅलिबाय' म्हणजे लॅटिनमध्ये 'दुसरीकडे'. हल्ली पुष्कळ जण तो कोणत्याही सबबीसाठी वापरतात, परंतु त्याचा नेमका अर्थ एवढाच की गुन्हा घडला त्या वेळी आरोपी अन्यत्र होता.

अभ्यास कसा करावा

माझी पद्धत साधी आहे. प्रथम खटल्याची हकीकत शब्दकोश न उघडता एकदा सलग वाचावी. पुढे काय झाले याची उत्सुकता असल्यामुळे निम्म्या शब्दांचा अर्थ संदर्भानेच लागतो. दुसऱ्या वाचनात शब्द टिपावेत, पण वहीत दोन नव्हे तर तीन रकाने आखावेत. पहिल्यात तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, दुसऱ्यात मराठी अर्थ, आणि तिसऱ्यात 'हा शब्द कशापासून वेगळा आहे' याची नोंद. 'मोटिव्ह' समोर 'इन्टेन्शन नव्हे', 'नॉट गिल्टी' समोर 'इनोसन्ट नव्हे'. हा तिसरा रकाना भरण्यास वेळ लागतो, पण खरा अभ्यास त्यातच होतो. शेवटी वही मिटून तीच हकीकत एखाद्या मित्राला इंग्रजीतून दहा वाक्यांत सांगावी.

वाचण्यास साहित्याची वाण नाही. उच्च व सर्वोच्च न्यायालयांची निकालपत्रे सर्वांना वाचण्यास खुली असतात. त्यांतला कायद्याचा खल आपल्याला जड जातो, परंतु आरंभीचा हकीकतीचा भाग बहुधा सरळ, स्वच्छ इंग्रजीत असतो. नानावटी खटल्याच्या निकालपत्रातील हा भाग कोणाही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रयत्नाने समजण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, आम्हाला वकील व्हायचे नाही; खून आणि फाशीचे शब्द घेऊन आम्ही काय करू? आक्षेप रास्त आहे. या शब्दांनी निसर्गकवितेचे रसग्रहण करता येणार नाही. परंतु 'एव्हिडन्स', 'इन्फर', 'करॉबरेट', 'कॉन्ट्रडिक्ट', 'हिअरसे' हे शब्द केवळ न्यायालयाचे नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक बखर दुसरीला 'करॉबरेट' करते, म्हणजे दुजोरा देते, की 'कॉन्ट्रडिक्ट' करते हे सांगावे लागते. कोणती नोंद प्रत्यक्ष पाहणाऱ्याची आणि कोणती 'हिअरसे' म्हणजे ऐकीव, हा प्रश्न त्यालाही सुटत नाही. एखाद्या पात्राचा स्वभाव आपण त्याच्या कृतीवरून 'इन्फर' करतो, तेव्हा साहित्याचा विद्यार्थीही न्यायाधीशाच्याच वाटेने जात असतो.

एक इशारा

या अभ्यासात एक धोका आहे आणि तो सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. खऱ्या खटल्यात मेलेला माणूस खरोखर मेलेला असतो. त्याची कोणी बहीण असते, आई असते. आपल्या शब्दसंपदेसाठी त्याचा मृत्यू ही करमणूक होता कामा नये. म्हणून मी अंतिम निकाल लागून जुने झालेलेच खटले घेतो, आणि ज्यांत स्त्रियांची वा मुलांची विटंबना आहे ते वर्गात किंवा मित्रांत सांगण्यासाठी घेत नाही.

दुसरे असे की, न्यायालयाबाहेर शब्दच निकाल देऊ लागतात. नानावटी खटल्याच्या वेळी 'ब्लिट्झ' या मुंबईच्या इंग्रजी साप्ताहिकाने उघडपणे नानावटींची बाजू उचलून धरली. एकाला अन्याय झालेला सज्जन अधिकारी आणि दुसऱ्याला विलासी तरुण अशा रंगांत रंगवले की वाचकाचे मत पुराव्याआधीच तयार होते. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. तेव्हा हकीकत वाचताना विशेषणांकडे संशयाने पाहावे. नामे आणि क्रियापदे काय सांगतात ते आधी पाहावे.

आणि 'अलेज्ड' हा एक शब्द तर प्रत्येकाने जिवापाड जपावा. त्याचा अर्थ 'आरोप आहे असा', 'कथित'. इंग्रजी बातमीत तो असतो. तीच बातमी चहाच्या टपरीवर मराठीत सांगताना तो गळून पडतो, आणि 'सस्पेक्ट', 'अक्यूज्ड' व 'कन्व्हिक्ट', म्हणजे संशयित, आरोपी व शिक्षा झालेला कैदी, हे तिघेही एकाच 'गुन्हेगार' या शब्दात कोंबले जातात. ज्याच्यावर नुसता संशय आहे त्या माणसाचे गावात जगणे त्या एका गळलेल्या शब्दाने अशक्य होऊ शकते. 'अलेज्ड' चे स्पेलिंग आले की परीक्षेत अर्धा गुण मिळेल. परंतु तो शब्द कोठे गाळू नये हे कळले, तर मला वाटते, इंग्रजीच्या तासाला बसल्याचे अधिक सार्थक होईल.